उंबराच्या पानावरचा कोळी

कोळ्याने पुढचे दोन पाय वर उचलले.

समोर, अगदी उडीच्या टप्प्यात, नखाएवढा एक पतंग बसला होता. जागा छोटी आणि बंदिस्त. पतंगाला पळायला फारसा वाव नाही आणि कोळी तर उडी मारून शिकार करणाऱ्या जातीचा. पुढे काय होणार हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. कोळी दबा धरणार, अंग चोरत दोन पावलं सरकणार, आणि झेप घेणार. कोस्टा रिकातल्या एका प्रयोगात इतर पतंगांच्या वाट्याला बहुतेक वेळा हेच आलं होतं.

पण हा कोळी थबकला. त्याने पुढचे पाय उंच धरले आणि हलवायला सुरुवात केली. उडी मारणाऱ्या कोळ्यांमध्ये या खुणेचा अर्थ ठरलेला आहे: ही जागा माझी, तू कोण? हा सवाल कोळी फक्त दुसऱ्या कोळ्याला करतो. भक्ष्याला कुणी नावगाव विचारत नाही.

पतंग जागचा हलला नाही. त्यानेही पंख ताठ धरून एक गिरकी घेतली.

या एका क्षणापर्यंत पोचायला विज्ञानाला फार मोठा वळसा घालावा लागला. मी त्या वळशाच्या मागे लागले ती मात्र पुरंदर तालुक्यातल्या एका विहिरीच्या काठावरून.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मामाकडे गेले होते. मामाची अंजिराची बाग आहे. पावसाळ्यात त्या बाजूच्या प्रत्येक बागायतदाराला तांबेऱ्याची धास्ती असते, त्यामुळे मामा रोज सकाळी पानं उलटून बघत फिरतो. मी त्याच्या मागे मागे. बागेच्या टोकाला विहीर, आणि विहिरीच्या कठड्याच्या सांध्यातून उगवलेलं कमरेएवढं उंबराचं रोप. त्याच्या दोन पानांवर तांबूस डाग दिसले. "मामा, इथेही आला बघा तांबेरा," मी म्हटलं.

मामाने पान बोटांत धरलं आणि उजेडाकडे केलं. "तांबेरा कुठला? अळीनं खाल्लंय हे."

मी वाकून पाहिलं. डाग म्हणजे खरवडलेली जागा होती. वरचा हिरवा गर कुणीतरी इतक्या निगुतीने काढून नेला होता की खाली नुसता पापुद्रा राहिला होता, पतंगाच्या कागदासारखा, पलीकडचं बोट दिसेल इतका पातळ. त्या पापुद्र्यात शिरा न् शिरा शाबूत होती. मधली जाड शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, त्यांना फुटलेल्या आणखी बारीक, सगळी नक्षी जागच्या जागी. पानाची कड किंचित आत ओढली गेली होती आणि तिथे धाग्यांचं विरळ जाळं होतं, धुळीचे कण अडकावेत तसे काळे ठिपके त्यात लटकलेले. अळी दिसली नाही.

शेजारच्या पानावर एक छोटा कोळी होता. तांबूस-तपकिरी, अंगावर चमकत्या रेघा. दोन पावलं तिरका सरकायचा, थांबायचा, झटक्यात वळायचा, पुन्हा सरकायचा. आमच्याकडे तोंड करून बसल्यासारखा वाटला. मी हात मागे घेतला.

"कोळी आहे मामा."

"कोळी नाही गं, पाकोळी आहे ती. फुंकर मार."

फुंकर मारली आणि कोळी उडाला. अर्ध्या मिनिटाने त्याच पानावर परत येऊन बसला आणि पुन्हा तसाच तिरका चालायला लागला. आता तो पतंग आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही डोळ्यांना कोळीच दिसत होता. त्या सकाळी मामाची बाग राहिली बाजूला, मी त्या रोपाजवळ तासभर बसले.

या पतंगांचं कुळ कोरेउटिडी. नाव ग्रीक शब्दावरून आलंय. जुन्या ग्रीक नाटकात रंगभूमीवर घोळक्याने नाचणारे-गाणारे जे असत, त्यातल्या एकाला 'कोरेउटेस' म्हणत. म्हणजे ज्याने हे नाव ठेवलं त्याने हा नाच पाहिला असणार, असं मला वाटतं. या कुळातले बहुतेक पतंग दिवसा उडतात. रातकिड्यांसारखे अंधाराच्या आश्रयाला जात नाहीत, भर उन्हात पानाच्या वरच्या बाजूला येऊन बसतात. पंखांवर रुपेरी, जांभळट, निळसर खवल्यांचे ठिपके, धातूचा वर्ख लावल्यासारखे. इंग्रजीत त्यांना 'मेटलमार्क' म्हणतात ते त्यामुळेच. आणि कुळातल्या अनेक जातींच्या अळ्या वाढतात त्या अंजिराच्या गोतावळ्यातल्या झाडांवर. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे एकाच प्रजातीचे, फायकसचे.

त्यातला खास अंजिराचा म्हणून युरोपात ओळखला जाणारा पतंग म्हणजे कोरेउटिस नेमोराना. पंख पसरले तर जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. रंग विटकरी-तपकिरी, त्यावर फिकट पट्टे. मूळचा भूमध्य समुद्राभोवतालचा, जिथे अंजीर माणसाने हजारो वर्षं लावलंय. त्याला शास्त्रीय नाव दिलं जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या याकोब ह्यूब्नरने, १७९९ साली. ह्यूब्नरचा मूळ पेशा कापडावरच्या नक्ष्या काढण्याचा आणि कोरण्याचा. काही वर्षं तो युक्रेनमधल्या सुती कापडाच्या कारखान्यातही हेच काम करत होता. फुलपाखरं आणि पतंग त्याने चित्रांतून जगाला दाखवले, एकेक खवला मोजून काढल्यासारखी ती चित्रं. लिनियसच्या काळापासून एक संकेत होता की पान गुंडाळणाऱ्या पतंगांच्या नावाच्या शेवटी 'आना' लावायचं. अंजिरावरची ही अळीही रेशमाने पान ओढून घेते, म्हणून ह्यूब्नरने याला पान गुंडाळणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं. 'नेमस' म्हणजे लॅटिनमध्ये राई, त्यावरून नेमोराना. पुढे त्याची पंगत बदलली, कुळ बदललं, पण नावातलं 'आना' अजून तसंच आहे. जुन्या घराच्या दारावरची पाटी नव्या घरी लावावी तसं.

हा पतंग आता भूमध्य समुद्राकाठीच राहिलेला नाही. २०१४ साली तो लंडनमध्ये सापडला. तिथल्या परसांत हौसेने लावलेल्या अंजिरांवर पानं अशीच पापुद्रा होऊन दिसायला लागली.

इथे एक प्रश्न मला सोडेना. अंजिराचं पान खायचं म्हणजे सोपी गोष्ट नाही. अंजीर, उंबर, वड यांपैकी कशाचंही पान तोडून बघा, देठातून पांढरा चीक भळभळ येतो. अंजिराची तोडणी करणाऱ्यांच्या हातांची आग होते, साल निघते. हाच चीक दुधात घातला तर दूध साकळतं. ही युक्ती इतकी जुनी आहे की होमरच्या इलियडमध्ये अंजिराच्या चिकाने साकळणाऱ्या दुधाची उपमा आलेली आहे. चिकात फिसिन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं फोडतं. आपल्या स्वयंपाकघरात त्याच जातीचं दुसरं विकर रोज वापरात आहे. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा कीस चोळतात, त्यात पपेन असतं. आता विचार करा, जे मटण मऊ करतं ते अळीच्या कोवळ्या पोटात गेल्यावर काय करील?

जपानमध्ये कोतारो कोन्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली नेमकं हेच दाखवून दिलं. त्यांनी पपईची पानं आणि एका जंगली अंजिराची, फायकस व्हिरगाटाची, पानं अळ्यांना खायला दिली. त्यात एरी रेशमाच्या अळ्या होत्या, आणि मिळेल ते खाणाऱ्या कुप्रसिद्ध किडींच्याही होत्या. अळ्यांची वाढ खुंटली, त्या मेल्या. मग त्यांनी पानांतला चीक धुऊन काढला आणि तीच पानं पुन्हा दिली. पानं बिनविषारी झाली. पपईच्या पानांवर त्यांनी या विकरांना निकामी करणारं एक रसायन चोपडून बघितलं, तेव्हाही पानाचं विष गेलं. पपई माणूस केव्हापासून खातोय, तिच्या चिकाचा औषधी व्यवसाय चालतो, आणि तिच्या पानाचं खरं शस्त्र कोणतं हे असं सरळ तपासून बघायला एकविसावं शतक उजाडलं. मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं. उपकरणांपेक्षा यात मोल होतं ते पान धुऊन बघण्याच्या साध्या विचाराचं.

चीक पानात वाहतो तो मुख्यतः शिरांच्या बाजूने. शीर तुटली की दाबाखालचा चीक जखमेकडे धावतो. मोठ्या अळ्या यावर तोडगा काढतात. आपल्याकडचं काळसर तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचं कॉमन क्रो फुलपाखरू वड-उंबरावर अंडी घालतं. त्याची अळी आधी पानाची मुख्य शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते, आणि मग शिरेच्या पुढचा कोरडा भाग निवांत खाते. टॉमस आयस्नर आणि डेव्हिड ड्युसूर्ड यांनी १९८७ साली कीटकांची ही शीर तोडण्याची चाल 'सायन्स' साप्ताहिकात मांडली होती. मामाच्या विहिरीवरच्या अळीची रीत निराळी होती. तिने एकही शीर तोडली नव्हती. दोन शिरांच्या मधला मऊ गर तेवढा खरवडायचा, नळ्यांना दात लावायचा नाही. मी ज्याला नक्षी म्हणून बघत बसले होते, ती त्या अळीने जपून न फोडलेली विषाची पाइपलाइन होती. अळी केवढी, तर तांदळाच्या दाण्याहूनही लहान जन्माला येणारी. तिला हे कुणी शिकवलं नाही.

पण खरवडलेलं पान हा अर्धाच भाग झाला. पानावर नाचणारा तो कोळी राहिलाच.

कोरेउटिडी कुळात ब्रेंथिया नावाची एक प्रजाती आहे. अंजिरावरच्या कोरेउटिसची चुलत भावंडं म्हणा. यांतल्या अनेकांचं खाणं वेगळ्या झाडांवर, पण बसणं-वागणं घराण्याला साजेसं. तिच्यातल्या एका जातीचं नाव ब्रेंथिया हेक्झासेलेना, म्हणजे सहा चंद्रांची. हे नाव ठेवणारे एडवर्ड मेरिक इंग्लंडमधल्या मार्लबरो कॉलेजात ग्रीक आणि लॅटिन शिकवायचे. शाळेतून सुटले की पतंग. जगाच्या कानाकोपऱ्यातून त्यांच्याकडे डब्या यायच्या, डब्यांत टाचणीला टोचलेले चिमुकले पतंग, आणि मेरिक एकापाठोपाठ एक त्यांना नावं द्यायचे. आयुष्यभरात त्यांनी चौदा हजारांहून जास्त जाती वर्णन केल्या. आपल्याकडचे पतंगही त्यांतून सुटले नाहीत: मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची भारतीय सूक्ष्म पतंगांची लेखमाला येत असे. एका माणसाने एवढं काम केलं हे वाचून मान लवते.

मेरिकना सहा चंद्र दिसले, कारण ते खरोखरच तिथे आहेत. पण त्यांच्यापुढे जो पतंग होता तो मेलेला होता. संग्रहालयात पतंग ठेवण्याची ठरलेली पद्धत असते. आधी टाचणी टोचायची, मग मऊ असताना चारही पंख ओढून सपाट पसरायचे, पट्ट्यांनी दाबायचे आणि वाळू द्यायचे. अशाने सगळे नमुने एका मापात येतात, शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. वर्गीकरणासाठी ही पद्धत उत्तमच. फक्त पतंग आयुष्यात कधी तसा बसत नाही. जिवंत ब्रेंथिया मागचे पंख पुढच्या पंखांखालून बाहेर काढून पसरते, पुढचे पंख पाठीवर तिरके उचलून धरते, आणि झटके देत चालते. पंख अशा कोनात आले की मग त्यांवरचे चमकते ठिपके डोळ्यांच्या जागी येतात, पट्टे पायांच्या जागी. पंख सपाट पसरले की चेहराच पुसला जातो. चित्राची घडी घातल्यावर जे दिसायचं, ते घडी मोडून ठेवल्यावर कसं दिसणार? जगभरच्या पेट्यांत ब्रेंथिया होत्या, आणि कुणाला कोळी दिसत नव्हता.

मग एक वेगळीच वाट उघडली, आणि ती माश्यांनी उघडली.

१७ एप्रिल १९८७ चा 'सायन्स'चा अंक. त्यात पाठोपाठच्या पानांवर दोन लेख आहेत. एक मोनिका मेथर आणि बर्नार्ड रॉइटबर्ग यांचा, दुसरा एरिक ग्रीन, लॅरी ओर्सॅक आणि डग्लस व्हिटमन यांचा. दोन चमू, दोन वेगळ्या जातींच्या फळमाश्या आणि निष्कर्ष एकच: या माश्यांच्या पंखांवरचे काळे पट्टे कोळ्याच्या पायांसारखे दिसतात, आणि माशी पंख हलवते तेव्हा समोरच्या उडी मारणाऱ्या कोळ्याला आपल्यासमोर दुसरा कोळी पाय उगारून उभा आहे असं वाटतं.

ग्रीन आणि मंडळींनी ते सिद्ध कसं केलं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. फळमाशीचे पट्टेरी पंख कापून तिथे घरमाशीचे साधे पंख गोंदाने चिकटवले. घरमाशीला फळमाशीचे पट्टेरी पंख चिकटवले. काही फळमाश्यांचे पंख कापून त्यांचेच त्यांना परत चिकटवले, म्हणजे कापाकापीचा काही परिणाम होतो का तेही कळावं. मग एकेक माशी कोळ्यासमोर. पट्टे होते पण हलवण्याची लकब नव्हती त्या घरमाश्या मेल्या. लकब होती पण पट्टे नव्हते त्या फळमाश्याही मेल्या. स्वतःचेच पंख परत मिळालेल्या माश्यांपुढून मात्र कोळी मागे हटले. वेश आणि अभिनय, दोन्ही लागतात. शिवाय हे सोंग चालतं ते फक्त उडी मारणाऱ्या कोळ्यांपुढे. दुसऱ्या जातीचे कोळी, शिकारी ढेकूण, नाकतोडे खाणारा प्रार्थनाकीटक, सरडा यांच्यापुढे ठेवल्यावर त्यांनी माशी सरळ खाऊन टाकली.

असं का, याचं उत्तर कोळ्याच्या डोळ्यांत आहे. जाळं विणणारा कोळी जाळ्याच्या थरथरण्यावर जगतो, त्याला पाहण्याशी फार कर्तव्य नसतं. उडी मारणारा कोळी जाळ्यात वाट बघत बसत नाही. त्याला आठ डोळे, त्यातले पुढचे दोन टपोरे, मोटारीच्या दिव्यांसारखे. घराच्या भिंतीवर एखादा दिसला आणि तुम्ही बोट हलवलं तर तो वळून तुमच्याकडे बघतो, तो हाच. एवढ्याशा जिवात इतकी तीक्ष्ण नजर क्वचितच सापडते. जो इतकं स्पष्ट बघतो, त्यालाच बघण्यातून फसवता येतं.

ब्रेंथियाकडे हा प्रश्न घेऊन गेल्या जाद्रान्का रोटा. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात त्या डेव्हिड वॅग्नर यांच्याबरोबर काम करत होत्या आणि त्यांचा विषयच कोरेउटिडी कुळ होता. जिवंत ब्रेंथिया डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला कोळ्याची शंका येणारच. पण शंका आणि पुरावा यांत फार अंतर असतं. 'मला कोळ्यासारखा दिसतो' या वाक्याला विज्ञानात किंमत नाही, कारण माझे डोळे ब्रेंथियाला खात नाहीत. जो खातो त्याला विचारायला हवं.

म्हणून कोस्टा रिकात त्यांनी कोळ्यालाच विचारलं. एका वेळी एक कोळी, एक पतंग. कधी ब्रेंथिया, कधी तेवढ्याच आकाराचा दुसरा कुठला तरी पतंग. हे दुसरे पतंग तुलनेसाठी. त्यातले अर्ध्याहून जास्त कोळ्यांनी पकडले. आणि ब्रेंथिया? शंभरात दहासुद्धा पकडल्या गेल्या नाहीत. एवढ्यावर कुणी म्हणालं असतं की ब्रेंथिया चपळ असेल, बेचव असेल. पण कोळ्यांनी स्वतःच साक्ष दिली. ब्रेंथियासमोर आल्यावर त्यांनी काही वेळा पाय उगारले. दुसऱ्या कोळ्याला हद्दीबाहेर हाकलताना करतात तेच हावभाव. बेचव पतंगापुढे कोळी असं करत नाही, चपळ पतंगापुढेही करत नाही. भक्षकाने स्वतः उभं राहून 'मी याला कोळी समजलो' असं सांगितलं होतं.

रोटा आणि वॅग्नर यांचा लेख २००६ च्या डिसेंबरात 'प्लॉस वन' या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाला. आपल्याला खाणाऱ्याचंच सोंग घ्यायचं! वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्या गोष्टीत गाढव ओरडतं आणि मार खातं. ब्रेंथिया तोंड उघडत नाही. तिने कातड्याबरोबर वाघाची चालही उचललेली आहे. लेखात त्या दोघांनी पुढचंही म्हटलंय: इतर कीटकांच्या पंखांवरच्या नक्ष्या तपासल्या तर हे सोंग समजलं जातं त्याहून बरंच जास्त पसरलेलं असावं. दिवसा पानावर उघड्यावर बसणाऱ्या कीटकांचं रूप घडवण्यात या टपोऱ्या डोळ्यांच्या कोळ्याचा बहुधा मोठा हात असावा.

प्रयोग ब्रेंथियावर झाला हे विसरून चालणार नाही. विहिरीवरच्या माझ्या पतंगाला कुणी कोळ्यासमोर ठेवलेलं नाही. पण तीच चाल, तीच झटक्याची गिरकी, तेच चमकते ठिपके. मी फसले, एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकते.

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच दोघांनी ब्रेंथियाच्या अळीबद्दल लिहिलं आणि मला तो लेख पहिल्याहून थरारक वाटतो. अळीला पंख नाहीत, सोंग घेता येत नाही, पळून जाऊन जाणार कुठे? ती पानावर विरळ जाळं विणून त्याखाली राहते. अंगावर लांबच लांब केस. जाळ्याला कुणाचा पाय लागला की धागा थरथरतो, केसांना कळतं. आणि अळीने पानाला आरपार एक भोक आधीच पाडून ठेवलेलं असतं, तिच्या अंगाला बेताचं. धोका जाणवला रे जाणवला की अळी त्या भोकातून पानाच्या दुसऱ्या बाजूला. तुमचं पातं लवायच्या आत. शिकारी इकडे उभा, अळी तिकडे. रोटा आणि वॅग्नर यांनी या भोकाला 'वर्महोल' म्हटलं. विश्वाच्या एका टोकातून दुसऱ्या टोकाला नेणाऱ्या ज्या कृमिविवराची भौतिकशास्त्रज्ञ कल्पना करतात, त्याचं नाव मुळात अळीनेच पाडलेल्या भोकावरून पडलंय. इथे ते भोक परत अळीकडे आलं.

हे वाचल्यावर मामाला फोन केला. "विहिरीवरचं उंबर आहे ना अजून?"

"तोडणार होतो. कठड्याला भेग पडायला लागलीय. का गं?"

"पाऊस संपेपर्यंत राहू द्या."

राहू दिलं. उंबर विहिरीच्या कठड्यात वाढू देऊ नये हे मलाही कळतं, मुळं बांधकाम फोडतात. पण पावसाळ्याचे चार महिने त्या रोपाने विहिरीचं फार काही बिघडवलं नाही. गणपतीत गेले तेव्हा खरवडलेली पानं सात झाली होती आणि एका पानाच्या घडीत पांढऱ्या रेशमाचा कोष होता. गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा. आमच्याकडे अंजिराच्या बागेत पानं गुंडाळणाऱ्या अळ्या दिसल्या की फवारणी होते, आणि पिकाचं नुकसान होत असेल तर ती करावीच लागते, त्याबद्दल मी मामाशी वाद घालणार नाही. विहिरीवरचं उंबर कुणाचं पीक नव्हतं.

आपल्याकडे उंबर तोडायला माणसं बिचकतात. दत्ताचं झाड म्हणून औदुंबराला पार बांधतात, प्रदक्षिणा घालतात. वड-पिंपळ तर भिंतीच्या भेगेतही उगवतात. म्हणजे या कुळातल्या पतंगांचं घर आपल्या प्रत्येक गावात, शहरातल्या प्रत्येक जुन्या इमारतीच्या पन्हळीखाली आधीच आहे. त्यासाठी कोस्टा रिकाला जायला नको.

यंदाच्या पावसाळ्यात उंबराचं, पिंपळाचं, वडाचं कोवळं रोप दिसलं तर पाच मिनिटं थांबा. पापुद्र्यासारखं झालेलं पान शोधा, त्याच्या आसपासच्या पानांवर नजर फिरवा. सकाळी ऊन आल्यावर बघा, हे पतंग उजेडातले आहेत. तिरका चालणारा छोटा कोळी दिसला तर आधी पाय मोजा. गाव, तारीख आणि झाडाचं नाव लिहून ठेवा. पतंग पकडू नका, टाचणीला लावू नका. आणि मोबाइल काढलात तर फोटो पुरणार नाही, व्हिडिओ घ्या.